मीप आणि एमपीबी : थरांच्या मॅग्नेटो-ऑप्टिक स्फटिकाची आखणी करायला कितपत भरवशाचे?

मीप आणि एमपीबी ही दोन्ही एमआयटीमध्ये जन्मलेली, मोफत आणि खुल्या परवान्याची सॉफ्टवेअरं. एमपीबी स्फटिकाचे बँड काढतं, म्हणजे कुठल्या वारंवारतेचा प्रकाश त्यातून जाऊ शकतो ते सांगतं. मीप काळाच्या पायऱ्या घेत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र पुढे सरकवत जातं. प्रकाशावर काम करणाऱ्या अनेक प्रयोगशाळांत यातलं एखादं तरी असतं. हे परीक्षण मात्र एकाच कामापुरतं आहे : चुंबकीय गार्नेटचा थर आणि साध्या काचेसारखे थर एकावर एक रचून केलेला फोटॉनिक क्रिस्टल, आणि त्यातून मिळणारं वाढीव फॅरेडे रोटेशन, म्हणजे चुंबकित पदार्थातून जाताना प्रकाशाच्या ध्रुवणाचं फिरणं. या कामात दोन्ही साधनं उत्तम चालतात, पण त्यांची पडताळणी करणारी वीस ओळींची ट्रान्सफर मॅट्रिक्स (थरामागून थर गुणत जाणारा साधा हिशेब) आधी हाताशी हवी. ती नसेल तर मीपने दिलेला सुबक आलेख बरोबर आहे की चूक, हे कळायला मार्गच उरत नाही.

आधी कामाचं स्वरूप पाहू. प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या आयसोलेटरला ४५ अंशांचं रोटेशन लागतं. १०६४ नॅनोमीटरच्या लेझरसाठी टर्बियम गॅलियम गार्नेटचा स्फटिक वापरतात. त्याचा व्हर्डे स्थिरांक (दर टेस्ला आणि दर मीटरला होणारं रोटेशन) सुमारे ४० रेडियन प्रति टेस्ला-मीटर, म्हणजे १ टेस्लाच्या चुंबकात जवळजवळ २ सेंटिमीटर लांबीचा दांडा हवा. १५५० नॅनोमीटरला सेरियम घातलेलं यट्रियम आयर्न गार्नेट बरंच जोमदार, साधारण ४५०० अंश प्रति सेंटिमीटर. तरीही एकट्या फिल्मने ४५ अंश गाठायचे तर १०० मायक्रोमीटर जाडी लागेल. हाच थर दोन आरशांच्या मध्ये कोंडला की प्रकाश त्यातून पुन्हा पुन्हा ये-जा करतो. फॅरेडे रोटेशन परतीच्या वाटेवर उलटत नाही, साठत जातं. जपानमधल्या तोयोहाशी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या मित्सुतेरू इनोउए आणि सहकाऱ्यांनी १९९८-९९ च्या सुमारास एकमितीय मॅग्नेटोफोटॉनिक क्रिस्टलची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच.

परीक्षेसाठी घेतलेली रचना

सॉफ्टवेअर तोलायला उत्तर आधीच माहीत असलेली रचना हवी. इथे घेतलेली अशी : काचेवर टँटॅलम पेंटॉक्साइड आणि सिलिका यांच्या जोड्या, मध्ये गार्नेटचा अर्ध-तरंग थर (जाडी गार्नेटमधल्या तरंगलांबीच्या निम्मी), वर त्याच जोड्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या. गार्नेटला दोन्ही बाजूंनी सिलिका टेकलेली हवी. गार्नेटचा अपवर्तनांक जास्त असल्याने शेजारी कमी अपवर्तनांकाचा थर नसेल तर पोकळी अर्ध-तरंगाची राहत नाही. ही अदलाबदल वरवर किरकोळ वाटते, पण तिने रोटेशनचे आकडे बदलतात.

अपवर्तनांक घेतले सिलिका १.४४४, टँटॅलम पेंटॉक्साइड २.१ आणि गार्नेट २.२. १५५० नॅनोमीटरसाठी आरशाच्या थरांच्या पाव-तरंग जाड्या अनुक्रमे २६८.४ आणि १८४.५ नॅनोमीटर येतात, तर गार्नेटचा अर्ध-तरंग ३५२.३ नॅनोमीटर.

आता गार्नेटचा गायरोट्रॉपी आकडा, म्हणजे चुंबकनामुळे परावैद्युतांकात पडणारा फरक, ज्याला सगळे नुसतं ‘जी’ म्हणतात. प्रति मायक्रोमीटर रोटेशन रेडियनमध्ये घ्या, मायक्रोमीटरमधल्या तरंगलांबीने आणि अपवर्तनांकाने गुणा, पायने भागा. ०.४५ अंश प्रति मायक्रोमीटरसाठी जी येतो ०.००८५. साध्या, सेरियम नसलेल्या गार्नेटचं रोटेशन २०० अंश प्रति सेंटिमीटरच्या आसपास असतं. त्याला हाच हिशेब ०.०००३८ देतो. इथे अंश आणि रेडियन यांची गल्लत झाली की उत्तर ५७ पट बिघडतं आणि तरी आलेख अगदी खरा वाटतो.

आधी मॅट्रिक्स

प्रकाश थरांवर सरळ पडत असेल आणि चुंबकनही त्याच दिशेत असेल, तर चार-बाय-चारच्या मॅट्रिक्सची गरज नाही. उजवं आणि डावं वर्तुळाकार ध्रुवण एकमेकांत मिसळत नाहीत. एकाला गार्नेटचा परावैद्युतांक ४.८४ अधिक जी असा दिसतो, दुसऱ्याला ४.८४ वजा जी. दोघांसाठी वेगवेगळी दोन-बाय-दोनची मॅट्रिक्स चालवायची आणि दोन पारगामी आयामांच्या कलांतला (फेजमधला) फरक अर्धा करायचा. तेच रोटेशन.

या हिशेबातून जे येतं ते कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरइतकंच खरं असतं. ३५२ नॅनोमीटरचा एकटा थर ०.१५८ अंश फिरवतो. दोन्ही बाजूंना ३ जोड्या लावल्या तर वाढ सुमारे साडेआठ पट, म्हणजे १.३५ अंश. ५ जोड्यांना ३८ पट, ६ अंश, आणि पारगमन अजून ९६ टक्के. पुढे प्रत्येक जोडी वाढ २.१ पटीने चढवते. ८ जोड्यांना, म्हणजे एकूण ३३ थरांना, छोट्या रोटेशनच्या हिशेबाने वाढ ३६० पट होते, पण दोन ध्रुवणांचे अनुनाद एकमेकांपासून दूर गेल्याने प्रत्यक्ष रोटेशन ४४.८ अंशांवर पोहोचतं. आणि पारगमन निम्म्यावर येतं, ४९ टक्के.

हा निम्मा घाटा थरांच्या दर्जामुळे होत नाही. एकाच पोकळीच्या भौतिकीतच तो आहे. ४५ अंशांसाठी दोन वर्तुळाकार ध्रुवणांचे अनुनाद इतके दूर जावे लागतात की मधल्या तरंगलांबीवर दोन्ही आपापल्या शिखराच्या अर्ध्या उंचीवर असतात. मीपमध्ये रिझोल्यूशन (दर मायक्रोमीटरमागे पिक्सेल) वाढवून हे सुधारेल, अशी आशा धरून रात्रभर संगणक तापवण्यात अर्थ नाही. उपाय रचना बदलण्यात आहे, त्याकडे पुढे येतो.

मीप : बसवणं आणि पहिली ठेच

बसवायला सोपं आहे. लिनक्स किंवा मॅकवर कोंडा-फोर्ज या पॅकेज-भांडारातून पायमीप (मीपची पायथन आवृत्ती) घ्या. विंडोजवर थेट चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) लावून त्यात बसवावं लागतं. अनेक प्रोसेसरवर चालवायचं तर एमपीआय असलेली बांधणी वेगळी मागावी लागते. एकमितीय थरांसाठी तिची गरज नाही.

पहिली ठेच मितीची. थर एकमितीय आहेत म्हणून माणूस सहज ‘डायमेन्शन्स’ला १ देतो. त्या स्थितीत मीप फक्त एक्स दिशेचं विद्युत क्षेत्र आणि वाय दिशेचं चुंबकीय क्षेत्र ठेवतं. वाय दिशेचं विद्युत क्षेत्रच नाही, मग ध्रुवण फिरणार कुठे? मिती ३ च राहू द्या आणि पेटी फक्त झेड दिशेत लांब ठेवा. एक्स आणि वायमध्ये आकार शून्य दिला की मीप तिथे एकच पिक्सेल घेतं आणि क्षेत्राचे सगळे घटक हाताशी राहतात.

दुसरी अडचण मोठी. मीप काळात चालतं, त्यामुळे तुम्ही ‘जी’ थेट लिहू शकत नाही. परावैद्युतांकाच्या मॅट्रिक्समध्ये कर्णाबाहेरच्या जागी काल्पनिक संख्या टाकून भागत नाही. गायरोट्रॉपिक लोरेंट्झियन नावाचा पदार्थ घ्यावा लागतो : एक अनुनादी वारंवारता, एक ताकद, एक ऱ्हास आणि एक बायस सदिश. बायस हे वारंवारतेच्या एककात असतं, टेस्लात नाही. गार्नेट एकदा संपृक्त झालं की बाहेरचं चुंबक कितीही वाढवलं तरी त्याचं रोटेशन फारसं वाढत नाही. मीपमध्ये बायस वाढवलं की रोटेशन वाढतच जातं. बायसच्या आकड्याला प्रयोगातलं चुंबकीय क्षेत्र समजून काढलेले आलेख म्हणून फसवे असतात.

बायस आणि ताकद निवडायची कशी, याचा एक हिशेब इथे देतो, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. लांबीचं एकक १ मायक्रोमीटर घेतलं तर १५५० नॅनोमीटरची वारंवारता ०.६४५. पदार्थाची अनुनादी वारंवारता त्यापासून चांगली दूर, १.५ वर ठेवा. आता ताकद १ घेतली तर बायस सुमारे ०.०२ पुरतं, पण लोरेंट्झियन एकट्यानेच परावैद्युतांकात १.२३ भर घालतो आणि सोबत नको असलेलं वर्णविक्षेपण (वारंवारतेनुसार अपवर्तनांक बदलणं) आणतो : गट अपवर्तनांक २.२ ऐवजी २.३३ होतो. त्याऐवजी ताकद ०.१ आणि बायस ०.१९७ घ्या. जी तोच येतो, ०.००८५. भर फक्त ०.१२३, म्हणून पायाभूत परावैद्युतांक ४.७१७ लिहायचा. गट अपवर्तनांक २.२१ च्या आसपास राहतो. छोटी ताकद आणि मोठं बायस, हीच जोडी वापरावी. ऱ्हास एक दशलक्षांश इतका ठेवला की लोरेंट्झियनकडून शोषण येत नाही.

मीपच्या दस्तऐवजांत गायरोट्रॉपीची सूत्रं स्वच्छ दिलेली आहेत, ती वापरून हे आकडे दहा मिनिटांत तपासता येतात. दस्तऐवजातलं उदाहरण मात्र एकसंध, अखंड माध्यमाचं आहे. थरांची गोष्ट निराळी असते.

थर आणि पिक्सेल

खरं पाणी मुरतं ते इथे. थराची कड पिक्सेलच्या मध्ये आली तर मीप तिथे सरासरी काढतं, आणि ही सोय साध्या पदार्थांना फार उपयोगी आहे. पण ती फक्त वारंवारतेवर अवलंबून नसलेल्या भागाला लागू होते. लोरेंट्झियनच्या भागाला सरासरी लागत नाही, कारण पिक्सेल एकतर पूर्ण आत धरला जातो किंवा पूर्ण बाहेर. रिझोल्यूशन ५० असेल तर पिक्सेल २० नॅनोमीटरचा. ३५२ नॅनोमीटरचा गार्नेट चुंबकीय दृष्टीने ३४० किंवा ३६० चा होतो. रोटेशनमध्ये २-३ टक्क्यांची चूक तिथेच घुसते. शिवाय जाळीचं स्वतःचं वर्णविक्षेपण याच रिझोल्यूशनला अनुनाद २ नॅनोमीटरपर्यंत सरकवू शकतं.

रिझोल्यूशन २५० घ्या. पिक्सेल ४ नॅनोमीटरचा. सिलिका २६८ म्हणजे ६७ पिक्सेल, टँटॅलम पेंटॉक्साइड १८४ म्हणजे ४६, गार्नेट ३५२ म्हणजे ८८. सगळ्या कडा बरोबर जाळीवर बसतात आणि जाळीचा दोष ०.१ नॅनोमीटरच्या आत येतो. जाड्या किंचित कमी केल्यामुळे शिखर १५५० वर न येता २-३ नॅनोमीटर खाली येईल. त्यात गैर काही नाही. फक्त मॅट्रिक्समध्येही याच गोल केलेल्या जाड्या घाला आणि मग तुलना करा. मूळ जाड्यांच्या मॅट्रिक्सशी गोल जाड्यांचं मीप ताडून ‘मीप चुकतं’ म्हणणं अन्यायाचं होईल.

पल्स, वेळ आणि हरवलेलं शिखर

८ जोड्यांच्या रचनेत अनुनादाची रुंदी सुमारे ०.९ नॅनोमीटर असते. म्हणजे वारंवारतेत ०.०००३६. नेहमीच्या सवयीने ०.२ रुंदीत १०० बिंदू मागितले तर दोन बिंदूंमधलं अंतर ०.००२, शिखराच्या पाचपटीहून जास्त. शिखर दिसतच नाही, आणि आलेखात नुसता बँड गॅपचा, म्हणजे आरसे अडवतात त्या पट्ट्याचा, सपाट तळ येतो. शिखराभोवती ०.०२ ची खिडकी घेऊन ५०० बिंदू ठेवा. खिडकी कुठे ठेवायची ते मॅट्रिक्स आधीच सांगते.

थांबण्याची अटही अशीच फसवते. रुंद पल्समधला जवळजवळ सगळा प्रकाश पहिल्याच आरशावरून परत जातो. तपासणीचा बिंदू स्रोताच्या बाजूला असेल तर तिथली ऊर्जा हजारांशावर आलेली दिसते आणि मीप थांबतं. पोकळी मात्र तेव्हा अजून घुमत असते. परिणामी शिखर बुटकं आणि बाजूला लाटा. बिंदू पारगमनाच्या बाजूला ठेवा आणि अट एक दशलक्षांशाची द्या. वेळ लागतो, हे मान्य करून चालावं : या रचनेला ६००० काळ-एककं पुरतात, आणि २५० रिझोल्यूशन व नेहमीच्या ०.५ कूरां गुणकाला (काळाची पायरी पिक्सेलच्या किती पट, ते ठरवणारा आकडा) ते ३० लाख पायऱ्यांचं काम होतं. मॅट्रिक्स हेच काम पापणी लवायच्या आत करते. क्षेत्र संमिश्र करण्याचा पर्याय चालू करू नका. गायरोट्रॉपीचं समीकरण काळात वास्तव संख्यांचंच आहे, संमिश्र क्षेत्राने नुसती स्मृती आणि वेळ दुप्पट जाते.

रोटेशन काढायला फ्लक्स पुरत नाही, त्यात दोन्ही ध्रुवणांची बेरीज असते. रचनेच्या मागे एका बिंदूवर एक्स आणि वाय क्षेत्रांचे फूरिए घटक साठवा, त्यांतून ध्रुवणाचं वर्णन करणारे स्टोक्सचे चार आकडे काढा. तिसऱ्याला दुसऱ्याने भागून येणाऱ्या कोनाचा निम्मा म्हणजे रोटेशन. चौथा आकडा लंबवर्तुळता देतो, आणि ती बघायला विसरू नये. शिखराच्या नेमक्या मध्यावर ती शून्याजवळ असते, जरा बाजूला सरकलं की झपाट्याने वाढते, आणि लंबवर्तुळी प्रकाश आयसोलेटरच्या दुसऱ्या पोलरायझरमधून गळतो. फक्त रोटेशनचा आलेख दाखवणारी आखणी म्हणून अर्धवट समजावी.

तपासणीचा क्रम असा ठेवल्यास चूक कुठे आहे ते लगेच कळतं. आधी २.२ अपवर्तनांकाच्या पार्श्वभूमीत १० मायक्रोमीटर गार्नेट एकटाच ठेवा, ४.५ अंश यायला हवेत. नाही आले तर चूक पदार्थाच्या आकड्यांत आहे. मग ३ जोड्यांची रचना, जिथे शिखर रुंद आहे आणि गणना लवकर संपते. १.३५ अंश आले तर थरांचा क्रम आणि जाळी बरोबर. मग बायसचं चिन्ह उलटं करून तेच पुन्हा. रोटेशनचं चिन्ह उलटायला हवं आणि आकडा तोच राहायला हवा. दोन उत्तरांत फरक आला तर तो संगणनाचा दोष, चुंबकाचा नाही. शोषण नसलेल्या रचनेत परावर्तन आणि पारगमन मिळून १ होतात की नाही तेही पाहा. हे चारही पार पडल्यावरच ८ जोड्यांकडे वळा.

मीपमध्ये गायरोट्रॉपिक सॅच्युरेटेड असा आणखी एक पदार्थ आहे, लँडाऊ-लिफ्शिट्झ-गिल्बर्ट समीकरणाचा. नावातल्या ‘संपृक्त’ला भुलून तो प्रकाशासाठी घेतला जातो. तो मायक्रोवेव्हसाठी आहे, जिथे गार्नेटची गायरोट्रॉपी चुंबकीय पारगम्यतेत असते. एमआयटीच्याच गटाने २००९ मध्ये गार्नेटच्या कांड्यांच्या जाळीत ४.५ गिगाहर्ट्झजवळ एकाच दिशेने जाणारी लहर दाखवली, ते या पदार्थाचं क्षेत्र. १५५० नॅनोमीटरला गायरोट्रॉपी परावैद्युतांकात असते.

एमपीबी : छोटं, जलद, आणि एका बाबतीत हट्टी

एमपीबी अनंत आवर्ती रचनेचे बँड काढतं, त्यामुळे एकट्या दोष-थराच्या (आवर्तन मोडणाऱ्या थराच्या, इथे गार्नेटच्या) रचनेत त्याचा उपयोग आरशाचा बँड गॅप पाहण्यापुरता. इथे काल्पनिक कर्णबाह्य घटक थेट लिहिता येतो, लोरेंट्झियनची यातायात नाही. पण स्रोतापासून स्वतः बांधत असाल तर हर्मिशियन एप्सिलॉनचा (संमिश्र परावैद्युतांकाचा) पर्याय चालू करूनच बांधा. नाहीतर काल्पनिक भाग स्वीकारला जात नाही. शोषण आणि वर्णविक्षेपण यांना इथे जागा नाही, परावैद्युतांक एकच स्थिर आकडा.

एमपीबी खरं चमकतं ते अलेक्झांडर फिगोटिन आणि इल्या व्हिटेब्स्की यांनी २००१ मध्ये मांडलेल्या रचनांत. एका पेशीत तीन थर : दोन विषमदैशिक थर, ज्यांचे अक्ष एकमेकांशी तिरपे, आणि तिसरा चुंबकीय. अशा पेशीत पुढे जाणारी आणि मागे येणारी लहर यांचे बँड एकसारखे राहत नाहीत, आणि योग्य आखणीत एका दिशेची लहर जवळजवळ थबकते. नुसतं चुंबकन पुरत नाही, अक्षांचा तिरपेपणाही लागतो. दोन्हींपैकी एक काढलं की बँड पुन्हा सममित होतात. ही परीक्षा एमपीबीवर एका दुपारात होते. मात्र तरंग-सदिशांच्या यादीत ऋण बाजू स्वतः घालावी लागते. साध्या स्फटिकांच्या सवयीने शून्यापासून धन बाजूच्याच कडेपर्यंत यादी देतात, आणि मग जी असममिती शोधायला निघालो तीच यादीबाहेर राहते.

दोन पोकळ्या, आणि कारखान्याची बाजू

निम्म्या पारगमनावरचा उपाय एम. जे. स्टील, मिगेल लेव्ही आणि रिचर्ड ऑसगुड यांनी २००० मध्ये दाखवला : एकापेक्षा जास्त दोष-थर. दोन पोकळ्या योग्य जोडल्या तर शिखराचा माथा सपाट होतो आणि कला मात्र उतरत राहते, म्हणून ४५ अंशांवरही पारगमन पडत नाही. शोषणरहित, सपाट माथ्याच्या जोडीसाठी साधा जोडलेल्या पोकळ्यांचा हिशेब ९३ टक्के देतो. आपल्या पदार्थांत बाहेरचे आरसे सुमारे ७ जोड्यांचे होतात, पण मधला आरसा १५ जोड्या आणि वर एक सिलिका असा लठ्ठ. एकूण साठेक थर, १४ मायक्रोमीटर. मधला आरसा दोन-तीन जोड्यांनी पातळ झाला की शिखर दुभंगतं आणि मध्ये खड्डा पडतो.

ही आखणी मीपमध्ये करू नये. जाड्या बारीक हलवत शेकडो वेळा गणना लागते, ते मॅट्रिक्सचं काम. मीपला शेवटची रचना एकदा दाखवा.

आणि कागदावरची आखणी कारखान्यात काय होते तेही धरून चाला. ८ जोड्यांच्या रचनेत गार्नेटच्या जाडीत १ नॅनोमीटरची चूक शिखर सुमारे १.४ नॅनोमीटर हलवते, म्हणजे शिखराच्या रुंदीपेक्षा जास्त. सगळे थर मिळून १ टक्का जाड झाले तर शिखर १५ नॅनोमीटर वर. गार्नेट स्फटिकरूप व्हायला ७००-८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं, आणि खालचा आरसा ते सगळं सोसतो. तापल्यावर टँटॅलम पेंटॉक्साइड स्वतः स्फटिकरूप होऊ लागलं तर प्रकाश विखुरतो. गार्नेट आणि सिलिका यांचं औष्णिक प्रसरण इतकं वेगळं आहे की जाड रचनेला तडे जातात. सेरियमचं गार्नेट ऑक्सिजनयुक्त वातावरणात तापवलं तर सेरियम तीनऐवजी चार संयुजेचं होतं आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते रोटेशनच जातं. म्हणून आखणीत घालायचा जी आपल्याच भट्टीतून निघालेल्या, सिलिकावर वाढवलेल्या फिल्मवर मोजलेला असावा. उत्तम एकस्फटिकी फिल्मचा आकडा घालून काढलेली रचना हमखास कमी पडते. शोषणही तिथेच मोजा : ४० डेसिबल प्रति सेंटिमीटर इतका ऱ्हास धरला तर ८ जोड्यांची रचना ४४.८ ऐवजी ४३ अंशांवर आणि ४६ टक्के पारगमनावर येते.

थरांना लंब दिशेने चुंबकन पूर्ण व्हायलाही साध्या गार्नेटच्या फिल्मला सुमारे ०.१८ टेस्ला लागतो, कारण पातळ फिल्म स्वतःच्या प्रतलात चुंबकित राहणं पसंत करते. मीपला यातलं काही ठाऊक नसतं. अर्धवट चुंबकित फिल्मसाठी जी त्या प्रमाणात कमी करून घालावा लागतो.

मग मीप कशासाठी?

थर सपाट, आडवे अमर्याद आणि प्रकाश सरळ असेल, तर खरं सांगायचं तर मीपची गरज नाही. तिरप्या प्रकाशालाही बेरेमनची १९७२ ची चार-बाय-चार पद्धत पुरते. मीपमध्ये तिरपा प्रकाश घ्याल तर लक्षात ठेवा की आडवा तरंग-सदिश स्थिर ठेवल्याने पल्समधल्या प्रत्येक वारंवारतेचा कोन वेगळा येतो.

थरांवर काही कोरलं, की चित्र पालटतं. २०११ मध्ये नेचर नॅनोटेक्नॉलॉजीत आलेल्या एका कामात बिस्मथयुक्त गार्नेटवर सोन्याची सच्छिद्र जाळी ठेवून चुंबक-प्रकाशीय परिणाम कितीतरी पटींनी वाढवला होता. रशियन आणि जर्मन गटांसोबत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. अशा रचनेला थरांची मॅट्रिक्स पुरी पडत नाही. अरुंद लेझर-किरण, कडेला संपणारा थर, वेव्हगाइडवर बसवलेली पोकळी, या सगळ्यांत मीपचे पैसे वसूल होतात, म्हणजे वेळ वसूल होतो, कारण पैसे लागतच नाहीत. कॉमसॉलसारख्या विकतच्या साधनात जी थेट मॅट्रिक्समध्ये लिहिता येतो, लोरेंट्झियनचा वळसा वाचतो, आणि एकाच तरंगलांबीवर काम असेल तर ते सुखाचं आहे. परवान्याचा खर्च परवडत असेल तर जरूर घ्यावं. एखाद्या महाविद्यालयातल्या एम.एस्सी. प्रकल्पासाठी मात्र मीप, एमपीबी आणि स्वतः लिहिलेली मॅट्रिक्स हा संच पुरून उरतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर फक्त सपाट थरांसाठी मीपला ३, कोरलेल्या आणि मर्यादित रचनांसाठी ४.५. कमी केलेला अर्धा गुण लोरेंट्झियनच्या भागाला पिक्सेलची सरासरी लागत नाही याबद्दल. एमपीबीला तिरप्या अक्षांच्या पेशींसाठी पूर्ण ५.